आम्ही दुरुस्त केलेलं बुद्धिबळाचं पुस्तक

कर्नाटकातल्या आमच्या दिग्गी गावात माझ्या काकाला बुद्धिबळात कुणी हरवू शकत नव्हतं. दिवसभर भातशेती नाहीतर जंगलातली मजुरी, संध्याकाळी पडवीत पट. रामनगरात स्पर्धा आहे असं मी सांगितलं, तेव्हा म्हणाला, "तिकडची माणसं पुस्तकातनं शिकून खेळत्यात. एकदा त्यांच्यापुढं बसायचं हाय. पर पयल्या धा चालीत मेलो, तर पट चुलीत घालीन."

म्हणून मी ओपनिंगचं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचं, पुस्तक शोधायला निघाले. व्हिडिओ बघायचे तर रेंजसाठी टेकडी चढा, आणि वजीर बाहेर पडला की स्क्रीनवर चक्र फिरत बसणार. गावाच्या रस्त्यासाठी मी पत्रक काढलं, मोबाइल टॉवरसाठी काढलं. आता उंट-घोड्यांसाठीही काढायचं का? शेवटी एका मास्तरांकडं कानडी पुस्तक मिळालं, चित्रांसकट.

पहिल्याच चित्रात प्यादं दोन घरं पुढं. काकानं त्यावर बोट ठेवलं. "हे चुकलंय. प्यादं एकच घर जातंय."

"छापताना चुकलं असणार," मी म्हणाले. पत्रकांची प्रुफं वाचून छापखान्यावरचा माझा विश्वास कधीच उडालाय. मी लाल पेन घेतलं आणि दोन महिने बसून आम्ही अख्खं पुस्तक दुरुस्त केलं. मास्तरांचं पुस्तक. प्रत्येक प्यादं एक घर मागं. मग पुढच्या चाली जुळेनात, तर त्याही आमच्या मतानं बसवल्या. लेखकासाठी एक खरमरीत पत्रसुद्धा तयार ठेवलं.

रामनगरात काकासमोर एक भुसारी दुकानदार बसले, मूळचे खानापूरकडचे. त्यांनी प्यादं दोन घरं सरकवलं. मी ताडकन उठले. "ही चाल बेकायदा आहे."

पंचांनी शांतपणे नियम दाखवला. स्पर्धेत प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं. एकच घर, हा आपला देशी खेळ. नवव्या चालीला काकानं राजा आडवा करून हार मानली.

दुकानदारांनी माझ्या हातातलं पुस्तक मागून घेतलं, लाल पानं चाळली. आता हसणार, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं.

"किती दिवस लागले ह्याला?"

"दोन महिने," काका खाली बघत म्हणाला.

"एका पुस्तकावर दोन महिने कोण बसतंय हो? माझ्याकडं चार हायत, एकावरची धूळ झटकल्याली न्हाई. पुस्तक चांगलं हाय. ह्यातलं एकच ओपनिंग धरा. पाठ करू नका. परत्येक चाल का केली, ते इचारा. या, माझ्या बाजूला बसा."

त्यांनी तोच डाव पुन्हा मांडला. चुकली चाल की परत घ्यायची, का चुकली ते बोलायचं. आमची बस निघायची वेळ झाली तेव्हाच दोघं उठले.

मास्तरांना मी सगळं खरं सांगितलं. पुस्तक तुमच्याकडंच राहू दे म्हणाले. माझ्या लाल शाईवर मी कागदाच्या पट्ट्या चिकटवतेय, सहावं पान झालं. पट चुलीत गेला नाही. काका रोज पहिलं प्यादं दोन घरं सरकवतो, पण त्यावरचं बोट काही उचलत नाही. आधी माझ्याकडं बघतो.

"व्हय न्हवं?"

"व्हय, काका."

मग उचलतो.