आतून लावलेली पट्टी

शेजारच्या शहाबेननी दार वाजवलं तेव्हा मी डाळीला फोडणी देत होते. मला वाटलं, पुन्हा विरजण मागायला आल्या. "शैलाबेन, तुमचा फोन आहे... अंधेरीहून," असं म्हणून त्या माझ्याकडे न बघता बाजूला सरकल्या. फोनवर दादाच्या ऑफिसातले कोणी साहेब होते. "मोहनराव टेबलावरच..." एवढं बोलून ते घसा खाकरत राहिले. मी ओरडलेच त्यांच्यावर, "टेबलावरच काय? नीट बोला ना!" त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण राग कुणावर तरी काढायलाच हवा होता, आणि ज्याच्यावर काढायचा तो ड्रॉइंग बोर्डावर डोकं ठेवून गेला होता. छातीत दुखतंय हे त्याने ऑफिसातल्या मित्राला सांगितलं होतं म्हणे. मला नाही. बोरीवलीच्या दोन खोल्यांत तो, मी आणि आई, तिघंच राहत होतो, आणि मला नाही!

दीडेक महिना झाला. जो भेटतो तो मला सांगतो की मोहन कसा 'माणसं जोडणारा' होता. सोसायटीच्या शोकसभेत सेक्रेटरींनी डोळे पुसत सांगितलं, "त्यांनी आयुष्यभर तुटलेलं जोडलं." याच गृहस्थांनी गच्चीला कुलूप ठोकलं होतं, का तर दादाची गाडी वर फिरते आणि खाली यांची झोपमोड होते! माझा भाऊ माणसंबिणसं काही जोडत नव्हता. तो गाड्या जोडायचा. रिमोटवर चालणाऱ्या, हातभर लांबीच्या गाड्या. तेवढंच खरं आहे आणि तेवढंच मला लिहायचं आहे.

पहिली गाडी, ती पिवळी, आमच्या आतेभावाने आणली. तो जहाजावर होता. आणली ती स्वतःच्या मुलासाठी, पण मुलाने ती जिन्यावरून सोडली आणि पुढची बॉडी चिरली. आतेभाऊ ती फेकायला निघाला होता, दादाने मागून घेतली. तेव्हा तो तिशीचा, चांगली नोकरी असलेला ड्राफ्ट्समन. आईने कपाळाला हात लावला. "ह्या वयात खेळतंस काय रे, मोहन्या?" दादा म्हणाला, "खेळत नाय गे, दुरुस्त करतंय." मग दुरुस्त करून खेळला.

आधी त्याने कुणीही करील तेच केलं. दोन ट्यूबा कालवून लावतात तो दगडासारखा घट्ट होणारा डिंक आणला आणि ऐटीत जोड दिला. गाडी गच्चीच्या कठड्याला थडकली, जोड शाबूत राहिला आणि शेजारचं प्लास्टिक फुटलं. पुन्हा जोडलं, पुन्हा शेजारी फुटलं. वैतागून दारात बसला होता, तिथे माझी चप्पल पडली होती. तिचा तळवा मी नुकताच स्टेशनबाहेरून चिकटवून आणला होता. ती त्याने उचलली, दुमडली, सोडली, परत दुमडली. मी म्हटलं, "अरे, वास घेतोस की काय तिचा?" तर हा ओरडला, "शैले, बघ ही! वाकतेय, पण सुटत नाय!" संध्याकाळी चपलेच्या रबरी सोल्युशनचा डबा घरात हजर. त्या वासाने आमचं डोकं उठायचं. खिडक्या उघड्या टाकून जेवायचो आम्ही.

त्याची पद्धत ठरलेली होती. बॉडी उलटी करायची, आतून पॉलिश पेपरने घासायची, पुसायची. मग सोल्युशनचा पातळ हात. जाड थापलं तर ते प्लास्टिकच खातं, हे एका गाडीचं छत लिबलिबीत झाल्यावर आम्हाला कळलं. त्यावर बँडेजच्या जाळीची पट्टी आणि वर पुन्हा पातळ हात. दर हातानंतर थांबायचं. बोटाला चिकटायचं बंद होईपर्यंत नुसतं बसून राहायचं. हे माझ्याच्याने कधी झालं नाही. मी घाई करून दाबायचे, पट्टी सरकायची आणि तो खेकसायचा, "थांब ना गं जरा! लावलीस ना वाट?" जिथे फुटलेलं नाही तिथेही तो पट्टी लावायचा. बंपरच्या कोपऱ्यांत, चाकांवरच्या कमानींत. "कुठे फुटणार ते माहीत असतं, मग फुटायची वाट कशाला बघायची?" म्हणायचा. अरे शहाण्या! छातीत दुखत होतं तेव्हा कुठे गेली होती ही अक्कल? बाहेरच्या बाजूला मात्र तो हात लावायचा नाही. पिवळ्या रंगावर चिरा केसांसारख्या काळ्या दिसायच्या. जरा रंग मार की, म्हटलं, तर म्हणायचा, "धडकली तर धडकली. लपवायचंय काय त्यात?"

लपवायचं होतं ते भाईला. भाई आमचा थोरला, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मुलुंडला स्वतःचा ब्लॉक. गणपतीत सगळी भावकी जमली की त्याचा ठरलेला विनोद, "आमचा मोहन अजून रांगतोय!" सगळे खो खो हसायचे. दादाही हसायचा, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मालाडची मुलगी सांगून आली. तिचे वडील आणि मामा आमचं घर बघायला आले. भाईने गाडी आणि डबा पायानेच कॉटखाली ढकलला. मामांनी नाक वर करून विचारलं, "वास कसला येतोय हो?" भाई म्हणाला, "दाराला पॉलिश केलंय." दादा शांतपणे म्हणाला, "पॉलिश नाही, मी गाडी चिकटवतोय. दाखवू?" आणि कॉटखालून गाडी काढून त्याने पाहुण्यांना जाळीची पट्टी समजावून दिली! मुलीकडून पुढे काही कळवलं नाही. भाईने आईदेखत दादाची अब्रू काढली. दादा गाडी घेऊन अर्धवट बांधलेल्या रस्त्यावर गेला, मीही गेले. सेल उतरेपर्यंत आम्ही ती पळवली. मी विचारलं, "वाईट वाटतंय का रे?" रिमोटची एरियल आत ढकलत तो म्हणाला, "मामांना मात्र आवडली गं गाडी..."

तेराव्याला भाई रडला. खरोखर रडला, ते मी नाकारणार नाही. निघताना म्हणाला, "पिवळी गाडी मी नेतो, आठवण म्हणून." आईने मानेनेच हो म्हटलं. बाकीच्या गाड्या दादाने कधीच कुणाकुणाला देऊन टाकल्या होत्या. घरात ती एकच उरली होती.

गेल्या रविवारी मी मुलुंडला गेले. रंगीत टीव्हीखालच्या शोकेसमध्ये दादाचा फोटो, त्याला चंदनाचा हार आणि पुढ्यात एक लालभडक, चकचकीत गाडी. मी विचारलं, "ही कुठली आणलीस?"

"अगं, मोहनचीच!" भाई कौतुकाने म्हणाला. "आपल्या ओळखीचा गॅरेजवाला आहे, मोटारींना पोचे आले की काढून रंग देतो. त्याच्याकडून करून घेतली. दाखव बघू एक तरी चीर!"

मी गाडी काढून उलटी केली. आतून स्वच्छ, गुळगुळीत. चिरांमध्ये पांढरी, कडक लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. पट्टी एकही नाही.

"आतल्या पट्ट्या कुठायत?"

"त्या? तो म्हणाला, अंदर सब कचरा भरा था, घिस डाला."

कचरा! माझ्या भावाच्या किती संध्याकाळी होत्या त्या. त्याच्या हातचं आमच्याकडे तेवढंच तर उरलं होतं, आणि ते कुणीतरी खरवडून गटारात टाकलं. मी म्हटलं, "भाई, ही गाडी मी घरी नेते."

"शैला, इथे चार लोक बघतात. तुझ्याकडे कपाटावर धूळ खात पडेल."

"चार लोकांसमोरच रांगत होता ना तो? आता फोटोत गेल्यावर बरा उभा केलास!"

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. भाईचा चेहरा पडला. "मी प्रेमानेच केलं गं. आणि आता बघ, मजबूत झालीय. एकदम कडक," असं म्हणून त्याने बॉडीवर बोटाने टकटक वाजवलं.

"मजबूत? बघू तर," मी म्हटलं आणि उभ्या उभ्या गाडी हातातून सोडून दिली.

लादीवर टक् असा आवाज झाला. बॉनेट फुटलं, छत फुटलं, भरलेल्या प्रत्येक चिरेच्या शेजारी नवी चीर. मला वाटलं, भाई आता मला घराबाहेर काढील. तो खाली बसला आणि तुकडे गोळा करायला लागला. लाल टवके त्याच्या बोटांना लागले. "मला काय माहीत, ते आतून काय करायचा..." तो पुटपुटला.

"विचारलंस कधी?" मी म्हटलं.

तो उठला. त्यानेच आतून पिशवी आणून सगळे तुकडे तिच्यात भरले आणि माझ्या हातात दिली. चहा तसाच राहिला. राग गेलाय असं कुणी समजू नये. भाईवरचा नाही, सेक्रेटरींवरचा नाही, आणि दादावरचा तर मुळीच नाही.

आज स्वयंपाकघराच्या ओट्यावर तुकडे मांडून बसलेय. मघाशी पुढचा तुकडा उलटा केला, तर बंपरच्या कोपऱ्यात, गॅरेजवाल्याचं बोट पोचलं नसेल अशा खोबणीत, दादाची एक पट्टी राहिलेली दिसली. सगळी गाडी तडकली, तेवढा कोपरा तडकला नाही. पिवळट सोल्युशनमध्ये त्याच्या अंगठ्याचा ठसा तसाच आहे, दाबून धरला होता तेव्हाचा. त्या कोपऱ्याला मी हात लावलेला नाही. बाकीचं पॉलिश पेपरने घासून पहिला पातळ हात दिलाय. खिडक्या उघड्या आहेत, तरी वासाने डोळ्यांत पाणी येतंय... वासानेच, असं आईला सांगितलंय. बोट लावून बघितलं. अजून चिकटतंय.

आई आतून विचारतेय, "झाला काय गो?"

"नाय गे," मी म्हटलं. "थांब जरा."