ज्वारीत एक हुलगा

शेळीच्या पायात काटा मोडला होता. मी शेळी धरली आणि माझ्या कारभारणीनं सुईनं काटा काढला. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. ऊन उतरलं होतं, सुई स्वतःच्या तोंडासमोर धरून ती डोळे बारीक करून बघत होती.

"नीट धरा," ती म्हणाली. "तिनं पाय वडला तर सुई तुमच्या हातात घुसंल, आन मंग मला दोन जनावरांकडं बगावं लागंल."

काटा निघाल्यावर तिनं शेळीचं तोंड वर केलं आणि विचारलं, "बोल गं, उद्या माळाला येणार का घरी बसणार?" शेळीनं मान झटकली. "बसती म्हणती घरी," कारभारीण मला म्हणाली, आणि शेळीला खरंच खुंट्याला बांधून पाला टाकला.

अशी ती होती. विचारल्याशिवाय काही करायची नाही. मी तिला कारभारीण म्हणायचो, तर पुढं सगळी वाडीच तिला कारभारीण म्हणायला लागली. घरात पिठलं करायचं का आमटी, हेसुद्धा ती पोरांचे हात वर करून ठरवायची. थोरला मुंबईला हमालीला जायचा म्हणाला तेव्हा तिनं घरातल्या सहा माणसांना चुलीपुढं बसवून एकेकाला विचारलं. तीन जा म्हणाले, तीन नको म्हणाले. मग ती शेजारच्या सोनाक्काला हाक मारून घेऊन आली आणि तिचं मत घेतलं. सोनाक्का जा म्हणाली, पोरगं गेलं. मी चिडलो की आमच्या पोराचं सोनाक्कानं का ठरवायचं? तर ती म्हणाली, "इचारलं न्हाई तर माणूस आतल्या आत कुढतं. इचारलं तर भांडतं, पर संगं ऱ्हातं." मी चौथी शिकलोय. ती तेवढीही शिकली नव्हती. पण हे तिचं बोलणं मी कुठल्या पुढाऱ्याच्या तोंडून ऐकलं नाही.

आमची वाडी चाळीस उंबऱ्यांची. ग्रामपंचायत ओढ्यापलीकडं मोठ्या गावात. पंचायतीत आमचा एक मेंबर, तो दाराजवळच्या खुर्चीत बसायचा आणि सही करून यायचा. डांबरी सडकेपर्यंतचा आमचा रस्ता म्हणजे ओढ्यातले दगडगोटे. रस्त्याचा ठराव दरवर्षी व्हायचा आणि रस्ता दरवर्षी गावातल्याच गल्लीत संपायचा. बाळंतीण असो नाहीतर साप चावलेला असो, त्या दगडांवरून न्यायचा. वाडीची वेगळी पंचायत पाहिजे, असं लोक माझ्या लग्नाआधीपासून म्हणत होते. म्हणायचे आणि बिडी विझवून घरी जायचे.

कारभारणीचा भाऊ पलटणीतला हवालदार. शांतिसेनेची निळी टोपी घालून तो आफ्रिकेत जाऊन आला होता. तिथं एका देशाचे दोन देश करायचे का, यावर लोकांचं मत घेतलं होतं, ते त्यानं डोळ्यांनी बघितलेलं. अंगठेबहाद्दर बायका उजाडायच्या आधीपासून रांगेत उभ्या होत्या म्हणाला, चित्र बघून मत दिलं. कारभारीण भाकरी थापायची थांबली. तिनं एकच विचारलं, "त्यो खर्च कुणी केला रं दादा?" तो म्हणाला, जगातल्या मोठ्या देशांनी पैसे घातले. ती म्हणाली, "मंग आमाला आमचंच घालावं लागंल."

दुसऱ्याच आठवड्यात ती मला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेली. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, "वाडीचे अर्धे हो म्हणतात, अर्धे नाही म्हणतात, आणि भांडण माझ्या टेबलावर येतं. एकमत आणा. एक माणूस जरी फुटला तरी कागद आणू नका. आणि या असल्या मतदानाला आमच्याकडं पैसा नाही." बाहेर आल्यावर मी म्हणालो, "एकमत कुठनं आणतीस? तुझ्या घरात तरी हाय का?" ती हसली. "हाय की. तुमी कायम माझ्याच बाजूला असता."

सगळ्यात मोठा खर्च मुंबईच्या माणसांचा होता. वाडीची निम्मी गडीमाणसं तिकडं. ती आल्याशिवाय एकमत कसलं? त्यांना आणायला आणि परत सोडायला खासगी बस ठरवायची होती. कारभारणीनं पारावर बैठक घेतली आणि सांगितलं, यंदा यात्रेची वर्गणी बसला द्यायची, बकरी कापायची नाहीत.

"यात्रंला मटान न्हाई?" एक जण ओरडला. "मंग देवाला काय कांदा दावायचा व्हय?"

"देवाला कवा मटान खाताना बगितलंस रं गड्या?" ती म्हणाली. "खाताय तुमी, नाव देवाचं."

लोक हसले, हात वर झाले. तरी पैसे पुरेनात. तेव्हा ती आमच्या दोन मेंढ्या आटपाडीच्या बाजारात न्यायला निघाली. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "तुमचं एक मत, माझं एक. बरोबरी झाली. आता मेंढ्यास्नी इचारते." मेंढ्या तिच्या मागनं गेल्या.

मतदान शाळेच्या खोलीत घेतलं. कोपऱ्यात घोंगडं टांगलं. ज्याला त्याला दोन दाणे द्यायचे, एक ज्वारीचा, एक हुलग्याचा. वेगळं व्हायचं असेल तर ज्वारी घागरीत टाकायची, गावातच राहायचं असेल तर हुलगा. आणि उरलेल्या दाण्याचं काय? घोंगड्याआड तिनं एक कोंबडी पायाला दोरी लावून बांधली होती. उरलेला दाणा कोंबडीला टाकायचा. "कोंबडी पोलिसाला बी सांगायची न्हाई," ती म्हणाली. लोकांना लय गंमत वाटली. पण यामागं तिचा विचार होता. कुणाचीही भीड न धरता, नवऱ्याला, सासूला, पुढाऱ्याला न भिता माणसानं मत द्यावं, म्हणून तिनं इतकं पक्कं केलं होतं. तिच्या त्या पक्केपणानंच मला झाकलं.

कारण हुलगा मी टाकला.

आता कारणही सांगतो. गावच्या यात्रेत पालखीवर छत्री धरायचा मान आमच्या घराण्याचा आहे. आज्ज्यानं धरली, बापानं धरली, मग मी. मतदानाच्या आदल्या दिवशी मी गावात दाढी करायला गेलो होतो. गावचा पुढारी शेजारच्या खुर्चीत बसला होता, तोंडाला फेस. आरशात बघतच बोलला, "वाडी येगळी झाली की देव आमचा आन छत्री बी आमचीच. मग तुमी वाडीत म्हसोबावर धरा छत्री." दुकानातले सगळे हसले. ते हसणं माझ्या मानेत अडकलं. दुसऱ्या दिवशी घोंगड्याआड उभा राहिलो, ज्वारी कोंबडीला टाकली आणि हुलगा घागरीत सोडला. आवाजही झाला नाही. घोंगडं सारून बाहेर आलो तर कारभारीण दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी, सगळ्यांना देत होती तसा मलाही दिला.

शेजारच्या वाडीचे निवृत्त मास्तर मोजायला आले होते. त्यांनी पांढऱ्या धोतरावर घागर उपडी केली. सगळी ज्वारी, आणि मधोमध एक तांबूस हुलगा. कारभारणीनं तो उचलला, तळहातावर घेतला, बोटानं उलटापालटा केला. मग तिनं खोलीतल्या एकेका माणसाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही. जिनं जन्मभर शेळ्या-मेंढ्यांनाही विचारलं, तिनं मला एवढंच विचारलं नाही. माझ्याकडून असं होईल, हे तिच्या मनातच आलं नाही.

मुंबईची माणसं शिव्या देत बसमध्ये चढली. साहेबांची पुढं बदली झाली. तिनं पुढच्या वर्षी पुन्हा वर्गणीचं काढलं, तर लोक म्हणाले, "कारभारनी, एकदा बकरी सोडली, आता न्हाई." आणि कुजबुज सुरू झाली की हुलगा टाकला कुणी? सोनाक्काची मुलगी मोठ्या गावात दिलेली. तेवढं पुरलं. कोण म्हणालं, तिचा जावई पुढाऱ्याचा माणूस आहे. कोण म्हणालं, घोंगड्याआड तिला लय वेळ लागला.

सोनाक्का आणि कारभारीण एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आलेल्या. एका पातेल्यात कालवून खाल्लेलं दोघींनी, मेंढरं एकत्र राखलेली. नळावर भरल्या घागरी घेऊन दोघी समोरासमोर आल्या. मी दगडावर बसलो होतो, दहा पावलांवर.

"सोने, खरं सांग, तू टाकलास?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं त्ये नगं इचारू. तू सांग."

"इतकी वरसं वळखतीस आन मला इचारतीस?" सोनाक्का म्हणाली. "मी सांगत न्हाई जा."

कारभारणीचा तोल गेला. "मंग माझ्या दारात पाय ठिवू नगंस. मेले तरी यिऊ नगंस."

मी दगडावरून उठायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी उठलो नाही. आधी वाटलं, आठ दिवसांनी सांगू. मग वाटलं, यात्रा होऊ दे. यात्रेत मी छत्री धरली, पण वाडीतलं कुणी बघायला आलं नाही, कारभारीणही नाही. छत्रीची जर गेलेली आणि कापड उंदरानं कुरतडलेलं, हे मला त्या वर्षी पहिल्यांदा दिसलं. मग वाटलं, आता सांगितलं तर ती मला सोडून भावाकडं जाईल. अशी पाच वर्षं गेली. दोघी एकाच नळावर पाठ करून पाणी भरत राहिल्या. कधी कधी भाकरी थापता थापता ती म्हणायची, "सोनीनं असं करायला नगं हुतं." मी जेवत राहायचो.

काटा काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी चहाचं आधण ठेवताना तिच्या छातीत कळ आली. जीप बोलावली. ओढ्यातल्या दगडांवर जीप माणूस चालतो तशी चालत होती. प्रत्येक दगडाला ती माझा हात दाबायची. चौथ्या वळणावर दाबायची थांबली. डांबरी सडक तिथून दिसत होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, वेळ झाला. चांगला रस्ता असता तर वाचली असती का, हे मी त्याला विचारलं नाही. उत्तर ऐकायची छाती नव्हती.

दुपारी ओढ्याकाठी तिला अग्नी दिला. मोठ्या गावातूनही माणसं आली. पुढारी आला, हार घालून गेला. वाडीतलं एकच दार लागलेलं होतं. सोनाक्का आली नाही. बायका म्हणाल्या, बगा, काळीज दगडाचं. मी तेही ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि सोनाक्काच्या दारात गेलो. ती शेण काढत होती. मला बघून तिनं पाटी खाली ठेवली.

"सोनाक्का, हुलगा मी टाकला हुता."

ती रडली नाही, ओरडली नाही.

"मला काय सांगाय आलायसा?" ती म्हणाली. "म्या टाकला न्हाई ह्ये मला ठावंच हुतं. तिला सांगा."

"ती गेली, आक्का."

"मंग तितं जाऊन सांगा."

तिनं हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि माझ्या मागनं निघाली. ओढ्याकाठी राखेतून अजून बारीक धूर निघत होता. मी टोपी काढली. पाच वर्षं जे दोन शब्द तोंडात धरले होते ते राखेला सांगितले. माझा मलाच आवाज ऐकू आला नाही.

"आजून मोट्यानं," सोनाक्का मागनं म्हणाली. "वाडीला ऐकू जाऊ द्या."

मी पुन्हा सांगितलं.