सशांचं रक्त आणि आईची गाठ

मी चौथीतून शाळा सोडली. लग्न होऊन वेल्ह्याकडच्या आमच्या वाडीतून मुंबईला गेले आणि शेजारणीच्या ओळखीनं एका प्रयोगशाळेत ससे सांभाळायच्या कामाला लागले. काही चुकलं तर काढून टाकतील, ही धास्ती रोजची. पण तिथल्या संशोधक बाईंनी मला कधी हिडीसफिडीस केलं नाही. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायला त्यांनीच शिकवलं. ते उपकार मी विसरणार नाही.

बाई माणसाच्या पेशी बाटलीत वाढवायच्या. एका पेशीच्या दोन होताना आत बारीक धागे तयार होतात. ते धागे ज्या प्रथिनाचे असतात, ते वेगळं काढून बाई सशाला टोचायच्या. सशाचं अंग ती परकी वस्तू ओळखतं आणि तिला धरून ठेवणारं काहीतरी रक्तात तयार करतं. त्याला प्रतिपिंड म्हणतात. काही आठवड्यांनी मी ससा गोणपाटात गुंडाळून मांडीवर घ्यायचे, कान चोळून गरम करायचे, मग बाई कानाच्या शिरेतून रक्त काढायच्या. रक्त गोठलं की पिवळसर पाणी सुटतं. ते पाणी बाईंना हवं असायचं.

एकदा त्यांनी मला बोलावून सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. सशाच्या पाण्यानं धागे धरले होते आणि वर घातलेल्या रंगानं ते हिरवे चमकत होते, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळते. ही पेशी कुणा रोग्याच्या गाठीतली, असं बाई म्हणाल्या. आपल्या मांडीवरच्या सशाचं हे काम, असं वाटून माझा ऊर भरून आला.

त्या वर्षी भातकापणीला माहेरी गेले. खळ्यावर चुलतीनं चेष्टा केली, "आमी ससा धरला तर कालवण करतो, आन् ही पगार घिऊन त्येला घास चारती." सगळ्या हसल्या. मग मीही फुशारकीनं ते हिरवे धागे सांगितले, गाठीतली पेशी सांगितली. आई पेंढ्या बांधत ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं मला गोठ्यात नेलं आणि चोळीची गाठ सोडून छाती दाखवली. लिंबाएवढी गाठ होती. कुणाला सांगितलं नव्हतं. मी पुण्याला दाखवू म्हणाले. ती म्हणाली, "तुज्या चुलत्याला पान लागलं, सापाचं इख चढलं, तवा भोरच्या दवाखान्यात सुई दिली. घोड्याच्या रगताची व्हती. वाचला का न्हाई? मग सशाच्या रगताचं ह्ये तुजं गाठीला का चालायचं न्हाई?"

मला तिथंच नाही म्हणता आलं असतं. खरं तर मलाही नक्की ठाऊक नव्हतं. बाईंना विचारते, म्हणाले.

आणि विचारलं नाही. बाटलीतलं औषध घरी मागते असं बाईंना वाटेल, माझ्याकडच्या किल्ल्या काढून घेतील, काम जाईल, असलं काहीबाही मनात यायचं. उद्या विचारू म्हणत थंडी सरली. मग भावाचं पत्र आलं. आईची गाठ फुटली आहे, ती दवाखान्यात यायला तयार नाही, लेक औषध घेऊन येणार आहे म्हणते.

पत्र हातात घेऊनच बाईंकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं. म्हणाल्या, हे कशावरचं औषध नव्हे, पेशीत काय चाललंय ते फक्त दाखवतं. मग हळूच विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस? त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळातल्या ओळखीच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली आणि लागेल तेवढी रजा घे म्हणाल्या.

शिमग्याच्या दिवशी वाडीवर पोचले. आईनं आधी माझ्या पिशवीकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, विचारलं नव्हतं तेही.

"मंग रगत कशापायी काढता त्येंचं?"

"बघायला, आये."

"नुसतं बघायला?"

"व्हय."

ती उठून चुलीकडे गेली. मग म्हणाली, "बघायला तरी व्हतंय," आणि माझ्यापुढे भाकरी ठेवली. भावाला तिनं यातलं काही सांगितलं नाही. आठवड्यानं आम्ही एसटीनं पुण्याला गेलो. आई खिडकीशी बसली होती, छातीवर पदर घट्ट धरून.

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, आईला तपासलं आणि हात धुताना विचारलं, हे किती दिवसांपासून आहे? मी तोंड उघडलं. आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"शिमग्यापास्नं, साहेब," ती म्हणाली. "लेकीनं बघितलं आन् लगीच घिऊन आली."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. शिमग्यापासूनची ती गाठ नव्हती, हे त्यांना कळत होतं. मी सुगीपासून म्हणायला हवं होतं. आईचा हात मनगटावर तसाच होता. डॉक्टरांनी मान हलवली आणि ती म्हणाली तेच कागदावर लिहून घेतलं.