उठून जाण्याची मुभा

आदरणीय माणिकराव सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्या निमित्ताने निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा पहिली अडचण आडनावाची आली. सरांचे आडनाव मी लिहिणार नाही. वडवणीच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवताना ते हजेरीसुद्धा पहिल्या नावानेच घेत, आणि वर्गात दोन सुरेश निघाले तर एकाला गावाचे नाव जोडत. संपादकांनी ते छापलेच तर ती त्यांची मर्जी. सर हरकत घेणार नाहीत, कारण दुसऱ्याच्या मर्जीत पाय घालणे त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

आमची पहिली गाठ पडली ती भांडणातच. मी तेव्हा बीडला बी.ए. करत होतो. मे महिन्याच्या सुटीत सर वडवणीबाहेर आपल्या शेतात, कडुलिंबाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, विद्यार्थ्यांसाठी उदारमतवादी विचारांचा अभ्यासवर्ग घेत. राहणे-जेवणे फुकट आणि वाद घालायला बंदी नाही, एवढ्या ऐकीव माहितीवर मी जाऊन धडकलो. सकाळीच सरांनी वर्गाचा एकमेव नियम सांगितला.

"पटलं न्हाई तर उठून जायचं. परवानगी मागायची न्हाई. आमी 'कावून चाललास' म्हून इचारणार न्हाई."

दुपारी व्यापाराच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला. शेतकऱ्याने आपला माल मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीच्या आवारातच, आणून विकावा ही सक्ती कशासाठी, असे सरांनी विचारले. माझ्या वडिलांचे बीडच्या मोंढ्यात आडत दुकान होते आणि आमचे घर त्यावर चालत होते. माझे डोके फिरले. मी नियमाचा लाभ घेतला, पिशवी उचलली आणि भर उन्हात स्टँडवर जाऊन बसलो. बीडची गाडी काही आली नाही. दिवेलागणीला पोटात कावळे ओरडू लागले, तसा तोंड पाडून परत आलो. पंगत उठून गेली होती. सरांच्या पत्नी, म्हणजे आम्हा सर्वांच्या काकू, यांनी चुलीजवळचे एक झाकलेले ताट माझ्यापुढे सरकवले.

"जेव. पटलं न्हाई म्हून काय उपाशी ऱ्हायचं? जो उठून जाईल त्याचं ताट झाकून ठिवा म्हनतेत ह्ये."

दुसऱ्या दिवशी सरांनी मलाच उभे करून मोंढ्याची बाजू मांडायला लावली आणि स्वतः खाली सतरंजीवर बसून ऐकली. त्या प्रश्नावरचे माझे मत आजही पुरते बदललेले नाही, हे इथे मुद्दाम नमूद करतो. सरांना वाचून बरे वाटेल.

व्यक्तीचे स्वातंत्र्य, कायद्याचे राज्य, सरकारच्या अधिकारांना मर्यादा, असे जड विषय सर शिकवत, पण पुस्तक क्वचितच उघडत. वर्गाच्या मध्यावर ते आम्हाला आठवडी बाजारात घेऊन जात आणि नुसते हिंडायला सांगत. संध्याकाळी काय पाहिले ते विचारत. कुणी महागाई सांगे, कुणी वजनातली काटामारी. मग सर हळूच म्हणत, की तलवाड्याच्या बाईने चौसाळ्याच्या माणसाला वांगी विकली, दोघांनी भावावरून हुज्जत घातली, पण आडनाव कुणी कुणाला विचारले का. अनोळखी माणसाशी आपखुशीने आणि सचोटीने व्यवहार करता येणे, ही त्यांच्या लेखी मोठी कमाई होती. आम्हाला तेव्हा वाटे, यात काय विशेष? बाजारात आडनाव कशाला विचारतील?

नंतर ते दिवसही आले. आपल्या जिल्ह्याचे काय झाले ते वाचकांना मी सांगायला नको. आरक्षणाच्या वादात कुणाच्या हॉटेलात चहा प्यायचा आणि कुणाच्या नाही, हे गावोगाव आडनाव पाहून ठरू लागले. दोन्ही बाजूंनी सरांना व्यासपीठावर बोलावणे आले. आपली मागणी मांडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पण शेजाऱ्याच्या दुकानाची पायरी चढू नका असे लोकांना धमकावण्याचा नाही, असे एकच उत्तर सरांनी दोघांनाही दिले. झाले. यांना सर त्यांचे वाटले आणि त्यांना यांचे. आयुष्यभर जोडलेली माणसे रस्त्यात दिसली की मोबाइलमध्ये डोके घालू लागली.

त्या वर्षीच्या मे महिन्यात वर्गातली मुले एका दुपारी उठून गेली. आधी एक गट गेला, थोड्या वेळाने दुसरा. नियम तोच होता. सरांनी 'कावून' विचारले नाही. संध्याकाळी शेडमध्ये झाकलेल्या ताटांची ओळ लागली आणि कुणीही परतले नाही. हे मला काकूंनी सांगितले. सकाळी त्यांनी त्या शिळ्या भाकरी कुस्करून म्हशीपुढे टाकल्या. काकू म्हणाल्या, "ह्ये भाकरी मोडायला माज्याजवळ येऊन बसले तेवढं."

पुढच्या हिवाळ्यात काकू गेल्या.

गेल्या मे महिन्यात वडवणीच्या कोर्टात माझ्या एका पक्षकाराची तारीख होती. काम लवकर आटोपले म्हणून शेताकडे गेलो. अभ्यासवर्गाला यंदा एकही नाव आले नाही, असे ऐकले होते. पाहतो तर शेड झाडून ठेवलेले, सतरंज्या अंथरलेल्या, फळ्यावर सरांच्या वळणदार अक्षरात 'आजचा विषय : सहिष्णुता' आणि इस्त्रीचा सदरा घातलेले सर खुर्चीत बसलेले. मला पाहून म्हणाले, "या वकीलसाहेब, बसा. टाइम झाला." आणि त्यांनी मला एकट्याला संपूर्ण व्याख्यान दिले. दोन ठिकाणी मी आडवा गेलो. तेव्हा त्यांचा चेहरा जो खुलला, तो मी विसरणार नाही.

भाकरी आता ते स्वतः करतात. जाड होते आणि एका बाजूने करपते. त्यांनी मला वाढले, स्वतःला वाढून घेतले आणि तिसरे ताट भरून, झाकून बाजूला ठेवले. कुणासाठी, असे विचारल्यावर म्हणाले, "आलं एखादं, तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी बीडला सुनावणी असल्याने संध्याकाळच्या गाडीसाठी मी उठलो. सर फाटकापर्यंत आले. मी चपला घालत होतो.

"कावून चाललास?" त्यांनी विचारले.

इतक्या वर्षांत हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला. त्यांच्याही ते लक्षात आले असावे. लिंबाकडे बघत म्हणाले, "जा, जा. गाडी हुकंल." मी गेलो. गाडीत बसायला जागाही मिळाली.

ज्यांनी आम्हाला कुणाच्याही मागे न जायला शिकवले, त्यांच्या मागे कुणी उरले नाही. सरांना याची तक्रार नाही; मला आहे. गौरवग्रंथात दीर्घायुष्य चिंतायचे असते. सरांना ते भरपूर मिळो, गुडघे साथ देवोत, आवाज असाच खणखणीत राहो. पण रिकाम्या सतरंज्यांसमोर बसून काढायची वर्षे मी त्यांना कोणत्या तोंडाने चिंतू? म्हणून शुभेच्छांसोबत वाचकांना एक विनंती करतो. मे महिन्यात आपली मुले वडवणीला पाठवा. दोन्हीकडच्यांनी पाठवा. त्यांना सरांचे पटले नाही तर ती खुशाल उठून जातील. तशी मुभा आहेच.

आणि सर, आपल्यासाठी एवढेच. यंदा कोर्टाला सुटी लागली की मी पहिल्या दिवसापासून मुक्कामाला येतो आहे. मोंढ्याचा वाद अर्धवट राहिला आहे, तो पुन्हा काढू. मी तावातावाने उठलोच, तर लिंबापर्यंत जाऊन परत येईन. माझे ताट मात्र झाकून ठेवू नका. पंगतीत, आपल्या शेजारी वाढा.