गावदेवीचं गिऱ्हाईक

मुरबे या समुद्रकाठच्या गावची उन्नती एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होती. वेबसाइटवर झुंबड उडाली तर ती तग धरते का, हे तपासायचं तिचं काम. काळ्या पडद्यावर ती एक ओळ टाइप करी आणि दोनशे खोटी गिऱ्हाइकं वेबसाइटवर तुटून पडत. आज चारपर्यंत ही चाचणी आपली आपण पार पडली, तर काम कायमचं घरून; नाहीतर पुण्याला बाडबिस्तरा हलवायचा. आणि गुडघे धरलेल्या आईला, जमनाला, एकटीला टाकून जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

चाचणी व्हायची झकास. आकडे यायचे, सगळं पास. पण प्रोग्रॅम काही केल्या संपायचा नाही! जेवण उरकूनही पाटावरून न उठणाऱ्या पाहुण्यासारखा बसून राहायचा. हाताने बंद करता यायचा, पण तिच्या कंपनीतल्या वरिष्ठ विक्रम सरांना ते चालणार नव्हतं. हा संपल्याशिवाय पुढची चाचणी सुरू होत नव्हती. उन्नतीने लॅपटॉप बंद-चालू केला. दोनशे गिऱ्हाइकांची दोन केली. दोघंही निघून गेली, प्रोग्रॅम तिथेच. तीन वाजून गेले.

ओट्यावर जमना सुके बोंबील निवडत होती. पहिली मूठ तिने रिवाजाप्रमाणे बाजूला काढली.

"उन्नती, गावदेवीचा वाटा पोचव गो. कालचा बी तसाच पडलाय. नुसता काढून ठेवला म्हंजे पोचला नाय."

उन्नती ताडकन ताठ बसली. आईचीच लेक ती! चाचणी लिहिताना तिनेही शुभ म्हणून वेबसाइटशी एक जोडणी, म्हणजे एक जादा गिऱ्हाईक, सगळ्यांआधी, मोजणीबाहेर उघडली होती. नावसुद्धा दिलं होतं, गावदेवी. बाकीची गिऱ्हाइकं काम आटोपून जात. हिला निरोप द्यायचं उन्नती विसरली होती आणि प्रोग्रॅम बिचारा हिच्यासाठी ताटकळत होता.

ती जोडणी काढूनच टाकता आली असती. पण तिचा हात धजावला नाही. शेवटी तिने एक ओळ वाढवली: गावदेवीची जोडणी बंद. चाचणी चालवली. आकडे आले आणि प्रोग्रॅम गुपचूप संपला.

तिने निकाल पाठवला. चारला पाच मिनिटं कमी असताना सरांचा मेसेज आला, 'छान. घरूनच करा.' उन्नतीचे डोळे भरून आले. तिने दोन्ही मुठी बोंबील फडक्यात बांधले.

"आता उन्हाचं कुठं? संध्याकाळी जा," जमना म्हणाली.

"नाय, आये, आताच. तिला ताटकळत ठेवलं की सगळंच अडतं."