राजाचं मंदिर आणि आमचं मखर

लेकीच्या शाळेत बायबलमधल्या त्या शहाण्या राजावर प्रोजेक्ट होता, यरुशलेमचं मंदिर बांधणाऱ्या इस्रायलच्या राजावर. प्रोजेक्ट लेकीचा, पण नाद लागला माझ्या नवऱ्याला. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांचं मंदिर त्यानेच चिकटवलं आणि रोज जेवताना राजाचं कौतुक सुरू. "अगं, राज्याचे बारा भाग पाडले होते! एकेका भागाने एकेक महिना राजवाडा जेवू घालायचा. काय मॅनेजमेंट आहे!"

नवरा आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. इथे आयर्लंडमध्ये, नास गावात हॉल घेऊन आम्ही एका शनिवारी गणपती बसवतो, संध्याकाळी विसर्जन. त्या वर्षी मखर म्हणजे थेट राजाचं मंदिर करायचं ठरलं. ठरलं म्हणजे याने ठरवलं. मंडळातल्या प्रत्येक कुटुंबाला आमच्या गॅरेजमध्ये वीकेंडची पाळी लागली. प्लायवुड कापा, खांब घासा, सोनेरी रंग द्या. आम्हाला पाळी नाही. का, तर गॅरेज आपलं!

माझी जिवाभावाची मैत्रीण कॉर्क शहरातल्या हॉस्पिटलात डॉक्टर. नाइट ड्युटी संपवून ती एवढ्या लांब गाडी हाकत आली आणि दिवसभर खांब घासत बसली. निघताना म्हणाली, "भावोजी, मखर जरा लहान करू या ना. लोक दमलेत हो."

हा हसला. "दमायला काय झालं? पुढच्या वर्षी याच्या दुप्पट करणार आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथे माझं माणूस म्हणावं अशी ती एकटीच, आणि ती तशीच गाडीत बसली.

मग मी लेकीचं पुस्तक उघडून पुढचं वाचलं. देवाचं मंदिर सात वर्षांत झालं, राजाच्या स्वतःच्या वाड्याला तेरा लागली. माणसं वेठीला धरली होती. राजा गेल्यावर लोकांनी त्याच्या मुलाला विनवलं, ओझं हलकं कर. तो म्हणाला, वाढवीन. झालं, इस्रायलच्या बारा वंशांतले दहा फुटून गेले. हे सगळं मी नवऱ्याला वाचून दाखवलं.

"ग्रँड," तो इथल्या लोकांसारखं 'बरं बरं' केल्यागत म्हणाला आणि खांबाला रंगाचा दुसरा हात द्यायला लागला.

आठवडाभरात मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला. कॉर्कवाले त्याच शनिवारी मैत्रिणीच्या घरी गणपती बसवणार होते. मग एकेक कुटुंब तिकडे निघालं.

मखर देखणं झालं होतं, खोटं कशाला बोलू? पण हॉलमध्ये आम्ही तिघंच. दुपारी मैत्रिणीकडून फोटो आला. किचनमधल्या स्टुलावर गणपती, मागे तिची जुनी साडी आणि दाटीवाटीने उभी माणसं. नवऱ्याने फोटो मोठा करून एकेक चेहरा पाहिला.

"सगळेच आहेत की," तो म्हणाला. फोन मला परत दिला. मग म्हणाला, "तू लेकीला घेऊन जा. आरतीला पोचशील. बसवलेल्या गणपतीला एकटं कसं सोडायचं? मी थांबतो."

मी गेले. आत टाळ वाजत होते. मैत्रिणीने दार उघडलं आणि माझ्या मागे पाहिलं.

"भावोजी?"

मला दारातच रडू फुटलं. तिने मला जवळ घेतलं आणि आत वळून ओरडली, "अरे, आरती थांबवा! आधी भावोजींना फोन लावा."