दारे बांधलेली अकरा घरे

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या अकरा घरांची माहिती मी सात वर्षांपूर्वी आमच्या अहवालात दिली. त्या अकरांपैकी एकाही घरात मी गेलो नव्हतो. ही गोष्ट मी पत्नीलाही सांगितली नव्हती. एरवी तिला मी सगळे सांगतो, आणि न सांगितले तरी तिला कळतेच. हे मात्र कळले नाही.

कळले ते ऋतुजाला, आणि तेही अर्धवट. ऋतुजा ही आमच्या नाशिक रोडच्या कार्यालयात नुकतीच रुजू झालेली संख्याशास्त्राची पदवीधर. एका सोमवारी सकाळी ती लॅपटॉप उघडा धरूनच माझ्या टेबलाशी आली.

"सर, या पाड्यावर असं काय झालंय? सात वर्षांपूर्वी इथं जवळजवळ सगळ्या गरोदर बायकांच्या तपासण्या वेळेवर व्हायच्या. आपल्या नव्या सर्व्हेत निम्म्यांच्याही नाहीत. मधल्या काळात रस्ता झाला, ॲम्ब्युलन्स आली, आणि तपासण्या घटल्या?"

"असेल काही स्थानिक कारण," मी म्हणालो.

आमच्या क्षेत्रात कारण ठाऊक नसले की 'स्थानिक कारण' म्हणतात. मी ते ठाऊक असताना म्हणालो.

आमचे काम थोडक्यात सांगतो. माता आणि बालकांच्या आरोग्याचे संशोधन म्हटले की लोकांना प्रयोगशाळा आठवते. आमच्याकडे साधा थर्मामीटरही नाही. आम्ही घरोघरी जाऊन प्रश्न विचारतो. सरकारची योजना कोणापर्यंत पोहोचली, कोणापर्यंत नाही, आणि का नाही, एवढेच शोधतो. अहवालात याला आरोग्यातील विषमता म्हणतात. प्रत्यक्षात ती अशी दिसते की डांबरी रस्त्यालगतच्या घरातल्या सुनेची चार वेळा तपासणी होते आणि टेकडीवरच्या सुनेची एकदाही होत नाही. यादीत मात्र दोघींची नावे एकाखाली एक असतात.

कोणत्या घरात जायचे हे आम्ही ठरवत नाही. गावाच्या यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी घरे निघतात. घर बंद असेल तर तीन वेळा जायचे. तरीही कोणी भेटले नाही तर फॉर्मवर 'बंद' असे लिहायचे. शेजारचे घर घ्यायचे नाही. कारण जे घर बंद आहे ते काही कारणाने बंद असते, आणि बहुधा तेच कारण आम्हाला हवे असते.

सात वर्षांपूर्वी आम्ही पेठला गेलो तो जानेवारी महिना होता. रस्ते कोरडे, हवा सुरेख, जीप वेळेवर. सगळे अनुकूल होते, फक्त माणसे नव्हती. द्राक्षांचा हंगाम असल्याने निम्मा पाडा दिंडोरी आणि निफाडच्या बागांवर कामाला गेलेला. आमच्या यादीत निघालेली अकरा घरेही त्यात होती. त्या घरांना कुलपे नव्हती. दोरीने दारे बांधून, त्यात काटेरी फांदी खोचून लोक निघून गेले होते.

पाड्यावरची आशा, म्हणजे गावातल्या गरोदर बायका आणि लहान मुले यांची नोंद ठेवणारी कार्यकर्ती, यमुनाताई आमच्याबरोबर फिरत होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितले होते.

"सर, आता हितं म्हातारी मानसं नि कोंबड्या. शिमग्याला या. तवा समद्या बाया घरी येतात. ज्या पोटुशी हायेत ना, त्याच बागांवर गेल्यात."

"शिमग्यापर्यंत थांबता येणार नाही ताई. अहवाल त्याआधी द्यायचा आहे."

"मग कोंबड्यांना विचारा," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसलो.

आणि मग मी जे करायचे नाही तेच केले. शेजारच्या उघड्या अकरा घरांत गेलो. एक घर शिक्षकाचे, एक वनरक्षकाचे, बाकीची स्वतःची भातशेती असलेल्यांची. ज्यांना बागांवर जावे लागत नाही अशांची. त्यांच्या सुनांची उत्तरे मी बंद घरांच्या क्रमांकावर लिहिली. जेवणाच्या सुट्टीआधी अकरा फॉर्म भरून झाले. कार्यालयात माझ्या वेगाचे कौतुक झाले. मी वेळेत काम करणारा माणूस म्हणून ओळखला जातो, आणि ती ओळख जपण्यासाठी मी हे केले. यापेक्षा मोठे कारण शोधण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. ते सापडले नाही.

अहवाल आला आणि मला आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीत तो सांगायला बोलावले. यमुनाताईंनी त्याच बैठकीत आपले रजिस्टर आणले होते. त्यांचे म्हणणे सरळ होते. बाया चौथ्या-पाचव्या महिन्यात बागांवर जातात, तिथे त्यांना कोणी तपासत नाही, तर नर्सबाईंनी हंगामात बागांवर जावे. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी त्यांना उभे केले आणि माझा तक्ता वर धरला.

"ताई, संशोधन संस्थेचा आकडा चूक आणि तुमचा बरोबर, असं म्हणायचंय का?"

"मी नावं लिवल्यात साहेब. आकडा नाय."

"नावं काय, कोणीही लिहितं."

हशा पिकला. यमुनाताईंनी माझ्याकडे पाहिले. मी चहावर फुंकर घालत होतो. चहा केव्हाच निवला होता. बागांवरच्या तपासणीचा विषय गरज नाही म्हणून मिटला.

आता पुन्हा त्या सोमवारकडे येतो. नवा सर्व्हे आम्ही शहाणपणाने शिमग्यानंतर केला होता. सगळी घरे उघडी, सगळी उत्तरे खरी. ऋतुजाने खरा आकडा माझ्या खोट्या आकड्याशेजारी ठेवला होता, आणि दोन्ही मिळून असे सांगत होते की सात वर्षांत यमुनाताईंनी पाड्याचे वाटोळे केले. नवे आकडे आधीच आरोग्य विभागाकडे गेले होते, आणि त्याच दुपारी विभागाच्या पत्राची प्रत आली. तपासण्या का घटल्या याचा लेखी खुलासा आशा कार्यकर्तीने पंधरा दिवसांत करावा, अन्यथा तिच्या जागी नवी निवड करण्यात येईल.

ऋतुजाने पत्र वाचले. "सर, ही बाई तर आपल्याबरोबर रोज सहा किलोमीटर चालायची. हिने काम सोडलंय असं वाटत नाही हो."

"नाही सोडलेलं," मी म्हणालो, आणि बर्वे मॅडमच्या केबिनकडे निघालो. त्या आमच्या संचालक. बरोबर एक वाजता डबा उघडतात.

"मॅडम, थोडं बोलायचं होतं."

"राजीनामा असेल तर जेवण झाल्यावर."

"राजीनामा नाही. ऐकल्यावर कदाचित तुम्हीच मागाल."

मी सगळे सांगितले. त्यांनी डब्याचे झाकण परत लावले.

"सात वर्षं?"

"हो."

"आणि ही सात वर्षं तुम्ही नव्या मुलांना तीन भेटींच्या नियमावर लेक्चर देताय."

"हो."

"चांगलं देता हो."

"अनुभवातून देतो, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. हसायला नकोच होते. डबा बाजूला सारून म्हणाल्या, "अहवाल दुरुस्त करावाच लागेल. पण कशाच्या आधारावर? त्या अकरा घरांत तेव्हा काय होतं, हे आज कोण सांगणार?"

"एक रजिस्टर आहे," मी म्हणालो.

यमुनाताईंना फोन लावताना माझा आवाज मलाच परका वाटला. त्यांनी मात्र लगेच ओळखला.

"बोला सर."

"ताई, सात वर्षांपूर्वीचं तुमचं रजिस्टर आहे का?"

"कोंचं? ते खोटं ठरलं ते?"

"तेच."

"हाय ना. पत्र्याच्या पेटीत हाय. उंदरांनी नाय खाल्लं, सायबांनीच काय खाल्लं तेवढं."

ऋतुजा आणि मी त्यांच्या ओटीवर बसून दोन दिवस रजिस्टर आणि माझे जुने फॉर्म ताडून पाहिले. रजिस्टरमध्ये प्रत्येक बाईचे नाव, कितवा महिना, कोणत्या गावच्या बागेवर गेली, केव्हा परतली, बाळंतपण कुठे झाले, हे सगळे होते. अक्षर मोठे आणि वळणदार. एका ओळीपाशी ऋतुजा थांबली. त्या बाईचे बाळंतपण बागेतल्या शेडमध्ये झाले होते, सातव्या महिन्यात. पुढे लिहिले होते, 'बाळ गेलं.' त्याच घर क्रमांकाच्या माझ्या फॉर्मवर होते: चार तपासण्या, दवाखान्यात प्रसूती, बाळ निरोगी.

ऋतुजाने पेन खाली ठेवले. यमुनाताई आत चुलीपाशी होत्या. त्यांनी नाचणीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली आणि म्हणाल्या, "जेवा आधी. कागद काय पळून जात नाय."

जुना आकडा दुरुस्त झाल्यावर चित्र पालटले. पाड्यावरच्या तपासण्या सात वर्षांत घटल्या नव्हत्या, वाढल्या होत्या. फार नाही, पण वाढल्या होत्या, आणि त्या एका बाईने पायी फिरून वाढवल्या होत्या.

पुढचे आधी सांगून टाकतो. नोटीस मागे घेतली गेली. येत्या हंगामात आठवड्यातून एक दिवस नर्सबाईंनी बागांवर जाऊन गरोदर मजूर बायकांना तपासावे, हेही मान्य झाले. नव्या अहवालावरून माझे नाव निघाले आणि क्षेत्रकाम ऋतुजाकडे गेले. मी आता टेबलाशी बसून इतरांचे फॉर्म तपासतो. एकही 'बंद' न लिहिलेला गठ्ठा आला की परत पाठवतो. या व्यवसायात तीस वर्षे घालवून मी एवढेच शिकलो की बंद घराच्या रकान्यात 'बंद' असे लिहावे. तो रकाना त्याचसाठी छापलेला असतो.

दुरुस्तीचे पत्र आमच्या संस्थेतर्फे गेले. त्याचा मसुदा मीच केला होता, आणि त्यात मी लिहिले होते, 'नमुना निवडीतील तांत्रिक त्रुटीमुळे.' मॅडमनी त्या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारून विचारले होते, "एवढंच?" मी म्हणालो होतो, "पत्रात एवढंच असतं."

आरोग्य केंद्राच्या बैठकीत डॉक्टरांनी ते पत्र वाचून दाखवले. वीस-पंचवीस आशा कार्यकर्त्या सतरंजीवर बसल्या होत्या. मी खुर्चीवर होतो. डॉक्टर तरुण आणि भला माणूस. त्यांनी पत्राची घडी घातली आणि पुढचा विषय घ्यायला लागले.

"डॉक्टर, एक इचारू?" यमुनाताई म्हणाल्या. "तांत्रिक त्रुटी म्हंजे काय?"

"म्हणजे आकडेवारीत चूक झाली होती, ताई."

"म्हंजे माझं रजिस्टर बरोबर का चूक?"

"बरोबर. अगदी बरोबर."

"मग चुकलं कोन? मशीन?"

मागच्या दोघी-तिघी हसल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले, मी काहीतरी समजावून सांगावे म्हणून. माझ्याकडे समजावण्याची भाषा पुष्कळ होती. तिच्यावरच मी आजवर पोट भरले. मी खुर्चीवरून उठून सतरंजीपाशी गेलो.

"ताई, मशीन नाही. मी चुकलो. चुकलो नाही, मी खोटं लिहिलं. ती अकरा दारं बांधलेली होती. तुम्ही मला शिमग्याला या म्हणाला होतात, मी आलो नाही. शेजारच्या घरांची माहिती मी त्यांच्या नावावर लिहिली. तुम्हाला इथं सगळ्यांसमोर खोटं पाडलं तेव्हा तुम्ही खऱ्या आहात हे या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. तुमच्या नोंदीतल्या बायका मी कागदावरून पुसल्या. यमुनाताई, मी तुमची माफी मागतो."